एदेनातील पहिला वर्ग

शास्त्रवाचन : उत्पत्ती २:१५-२०, मत्तय ६:२५-३०



उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील पंधरावे वचन आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले आणि तिची मशागत व राखण त्याच्याकडे सोपवली. एकविसाव्या वचनापासूनचा भागही आपण प्रत्येक विवाहविधीच्या वेळी ऐकतो. ह्या दोहोंच्या मध्ये जे एकोणिसावे वचन आहे, त्यावर मात्र मी क्वचितच उपदेश ऐकला आहे, आणि खरे सांगायचे तर स्वतःही पुष्कळ वर्षे कधी केला नव्हता. देव आपण घडवलेले पशुपक्षी आदामापुढे आणतो. आदाम त्यांना काय म्हणून हाक मारतो ते पाहतो. आणि आदाम जे नाव घेईल ते कायम होते, एवढीच त्या वचनातील हकिगत आहे.

ह्या ‘पाहण्या’पाशी क्षणभर थांबावे. देवाला ती नावे ठाऊक नव्हती काय? तारे मोजून एकेकाला नावाने हाक मारणारा तो आहे, असे एकशे सत्तेचाळिसाव्या स्तोत्रात म्हटले आहे. मनात आणले असते तर आदामाला त्याने नावांची तयार यादी दिली असती आणि संध्याकाळपर्यंत पाठ करून ठेव म्हणून आज्ञा केली असती. त्याने तसे केले नाही. त्याने जिवंत प्राणी समोर आणला आणि तो गप्प राहिला. त्या लहानग्या, नुकत्याच डोळे उघडलेल्या मनुष्याच्या ओठांवर कोणता शब्द येतो ह्याची विश्वाच्या निर्माणकर्त्याने वाट पाहिली. आणि शब्द आला तेव्हा तो खोडून दुरुस्तही केला नाही. मुलांना शिकवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. पण शिक्षकाने काय करावे ह्याचे इतके नेमके चित्र मला दुसरीकडे कोठे आढळले नाही.

आज जे बंधुभगिनी तीन ते सहा वर्षांच्या बालकांना झाडांखाली, मातीत, पाण्याकाठी घेऊन जातात, त्यांना खेळू देतात आणि खेळता खेळता शिकू देतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. ‘मुले सांभाळणाऱ्या बाई’ ह्यापलीकडे आपण त्यांना सहसा ओळखत नाही. त्यांचे वेतन थोडके, मान त्याहून थोडका. मंडळीच्या वार्षिक अहवालात त्यांच्या वाट्याला एक ओळ येते. तरी एदेनात जो वर्ग भरला त्याची खरी परंपरा त्यांच्याकडे आहे, असे मला वाटते. हे मला आधीपासून कळत होते असे नाही. ते कसे कळले हे सांगण्यासाठी एक जुनी चूक आपल्यापुढे कबूल करणे भाग आहे.

मी तेव्हा तरुण होतो आणि शब्बाथशाळेत सर्वांत लहान मुलांचा वर्ग घेत असे. जून महिना होता. मृगाचा पहिला पाऊस दोन-तीन दिवसांपूर्वी होऊन गेला होता. त्या दिवशीचा पाठ मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला होता. आकाशातली पाखरे आणि रानातली फुले, ज्यांना आपल्या जुन्या भाषांतराने भूकमळे असे सुंदर नाव दिले आहे. पाच वर्षांचा एक मुलगा उशिरा आला. त्याच्या हातात काड्यापेटी होती. ती किंचित उघडून त्याने माझ्यासमोर धरली आणि विचारले, “काका, ह्याचं नाव काय?” आत लाल मखमलीसारखा मृगाचा किडा होता. मी म्हणालो, “ते बाहेर टाकून ये आणि आधी सुवर्णवचन म्हण.” तो बाहेर गेला, हात झटकून परत आला आणि रानातल्या फुलांविषयीचे वचन त्याने एकही चूक न करता म्हणून दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पुढच्या रविवारी तो आला, पण रिकाम्या हातांनी आला. त्यानंतर दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता. त्याने मला दाखवायला पुन्हा कधीही काही आणले नाही.

एदेनात देवाने प्राणी आणला आणि बालकाने त्याला काय म्हणावे ह्याची वाट पाहिली. माझ्या वर्गात बालकानेच प्राणी आणला होता, आणि मी त्याच्याकडे धड पाहिलेही नाही.

आता मत्तयाच्या त्याच अध्यायाकडे वळू. पाखरांविषयी बोलताना प्रभू येशू जे क्रियापद वापरतो त्याचा अर्थ ‘निरखून पाहा’ असा आहे. परंतु फुलांपाशी आल्यावर तो शब्द बदलतो. मूळ ग्रीक भाषेत तेथे ‘कातामाथेते’ असा शब्द आहे. ‘नीट शिकून घ्या, पुरते समजून घ्या’ असा त्याचा भाव. संपूर्ण नव्या करारात हा शब्द ह्या एकाच ठिकाणी आला आहे. शिष्य ह्या अर्थाचा ‘माथेतेस’ हा शब्दही ह्याच धातूपासून निघालेला. म्हणजे फुलाकडे शिष्य होऊन जा, असे प्रभू सांगत आहे. तो हे डोंगरावर, उघड्यावर बसून सांगत होता. ऐकणाऱ्यांच्या पायांशी ती फुले होती आणि डोक्यावरून पाखरे जात होती. मी तोच पाठ चार भिंतींत, फळ्यावर खडूने कमळ काढून शिकवत होतो. आणि जिवंत पाठ्यपुस्तक पायरीवरून फेकून देण्यास सांगत होतो.

आपला प्रभू मुलांचा खेळ पाहत असे, ह्याचाही पुरावा शुभवर्तमानात आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात तो बाजारात बसलेल्या मुलांची उपमा देतो. ती मुले कधी पावा वाजवून लग्नाचा खेळ मांडतात, कधी रडून मयताचा, आणि सोबती खेळायला तयार नसले म्हणजे त्यांच्यावर रुसतात. जो मनुष्य बाजारातून मान खाली घालून घाईने निघून जातो त्याला हे तपशील कसे कळणार? प्रभू तेथे थांबला असला पाहिजे. पुढे शिष्यांनी बालकांना अडवले तेव्हा त्याला राग आला, हे मार्क आवर्जून नमूद करतो. ज्याने त्यांचे खेळ पाहिले होते त्यालाच तो राग येऊ शकतो.

ह्या गोष्टीला शाळेचे रूप देणारा एक माणूस जर्मनीत होऊन गेला. त्याचे नाव फ्रेडरिक फ्रोबेल. तो १७८२ मध्ये थुरिंगिया प्रांतातील एका खेड्यात, लूथरन पाळकाच्या घरी जन्मला. तो अवघ्या नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. वडील मंडळीच्या कामात गढलेले, घरात सावत्र आई. (पाळकांच्या घरांतील एकाकी मुलांविषयी कोणी तरी एकदा स्वतंत्र लेख लिहावा.) त्या पोरक्या मुलाला घराशेजारच्या बागेने सांभाळले. पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली काम शिकण्यास गेला, आणि तेथे झाडांनी त्याचे शिक्षण पुढे चालवले. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग ह्या गावी त्याने लहान मुलांसाठी एक संस्था काढली. तिला साजेसे नाव त्याला पुष्कळ दिवस सुचेना. एकदा सहकाऱ्यांबरोबर डोंगरवाटेने चालत असता ते अचानक सुचले असे सांगतात. १८४० मध्ये ते नाव रूढ झाले : किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग.

शाळा हा शब्द त्या नावात कोठेच नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. आणि बाग हा शब्द त्याने केवळ अलंकार म्हणूनही योजला नव्हता. त्याच्या बालोद्यानात प्रत्येक मुलाला खऱ्या मातीचा स्वतःचा एक लहानसा वाफा मिळे. मध्यभागी मुलांचे असे वैयक्तिक वाफे आणि त्यांच्याभोवती सर्वांच्या मालकीचे सामाईक वाफे, अशी ती रचना होती. माझ्या वाफ्यातले बी उगवले नाही तर दोष मी शेजाऱ्याला देऊ शकत नाही, आणि सामाईक वाफ्यातले पीक मी एकटा खाऊ शकत नाही, हे दोन पाठ मुले कुदळ हातात धरून शिकत. मंडळीचे सभासदत्व म्हणजे काय हे मला ह्याहून सोपे करून सांगता येणार नाही. आज तीन वर्षांच्या बालकाला ‘केजी’त घालण्यासाठी आपण पहाटेपासून रांग लावतो. त्या ‘केजी’तील ‘जी’ म्हणजे बाग. ती बाग त्या इमारतीत कोठे आहे, हे प्रवेशअर्ज भरताना कोणी विचारत नाही.

फ्रोबेलचा शेवट सुखाचा झाला नाही. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने, ही बालोद्याने नास्तिकपणा पसरवतात असा ठपका ठेवून, त्यांवर बंदी घातली. सृष्टीत सर्वत्र देवाची एकता पाहणाऱ्या माणसावर हा आरोप! पुढच्याच वर्षी तो मरण पावला. बंदी उठली ती १८६० मध्ये.

हे सर्व परक्या देशातले म्हणून कोणी बाजूला सारू नये, कारण ह्या बागेचे बी आपल्याच एका भगिनीने भारतात आणले. पंडिता रमाबाई स्वतः रानातल्या कन्या होत. १८५८ मध्ये पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात, वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या आश्रमात त्यांचा जन्म झाला. त्यांची विद्या आईच्या तोंडून त्यांना मिळाली. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे व्याख्यानांचा एवढा व्याप असतानाही फिलाडेल्फियात फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, ती लहान मुलांचे खेळ शिकण्यासाठी विद्यार्थिनी होऊन बसली. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा शिक्षणाची ही दृष्टी घेऊनच त्या परतल्या होत्या. आपण रमाबाईंचे बायबल भाषांतर, मुक्ती मिशन, केडगावचे संजीवन ह्यांविषयी पुष्कळ बोलतो. त्यांच्या जीवनातील हे पान मात्र आपण फारसे उघडत नाही. त्याच पिढीतील रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांना तर उभा महाराष्ट्र फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो. फुले आणि मुले ही जोडी मराठी ख्रिस्ती माणसाला नवी नाही. ती आपण विसरलो आहोत एवढेच.

आता मी आपल्याला ठाणे जिल्ह्याच्या त्या भागात नेऊ इच्छितो, जो २०१४ पासून पालघर जिल्हा म्हणून ओळखला जातो. तेथे समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे आणि डहाणूजवळ कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांची नावे आपण ऐकली असतील. दोघीही आपल्या मंडळीच्या नव्हेत. ताराबाई प्रार्थनासमाजी घराण्यातल्या. अनुताईंचा विवाह वयाच्या तेराव्या वर्षी झाला आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. देवाच्या कामाचा हिशेब ठेवताना आपण नेहमी आपल्याच नोंदवहीत पाहतो. कोरेश राजाला परमेश्वराने आपला अभिषिक्त म्हटले, हे यशयाच्या पुस्तकात आहे. वारा पाहिजे तिकडे वाहतो.

ताराबाईंनी आधी भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम केले आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. तेथील मुले शहरातली होती आणि शिक्षणाची साधने सुबक व महाग. ही साधने खेड्यातल्या, आदिवासी पाड्यातल्या मुलाला कोठून मिळणार, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि ताराबाई १९७३ मध्ये वारल्या तोपर्यंत, आणि त्यानंतरही, त्या कामातून हलल्या नाहीत. महाग साधनांचा प्रश्न त्यांनी परिसराकडे पाहून सोडवला. मोजायला बिया आणि खडे, लहानमोठे ओळखायला शंख-शिंपले, आकार ओळखायला पाने, ओळीत लावायला काड्या. वारली मुलाच्या हाताला ह्या वस्तू आधीपासून ओळखीच्या होत्या. त्या घेऊन तो खेळतच होता. शिक्षिका फक्त त्या खेळात जाऊन बसली.

पण मुले येईनात. उपाशी घरातल्या मुलाला धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचे असते, लाकूडफाटा आणायचा असतो, गुरांमागे जायचे असते. ह्यावर दोन मार्ग होते. आईबाप अडाणी आहेत असे म्हणून दार लावून घेणे हा एक, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांनी पत्करला असता. त्यांनी दुसरा पत्करला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. आज देशभर १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या सरकारी योजनेने घराघरांत नेलेला तो शब्द ह्या टेकडीच्या परिसरात आधी कामाला लागला होता. आणि जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी शाळा त्यांच्या मागे चराईच्या रानात गेली. तिचे नाव कुरणशाळा.

कुरण हा शब्द ऐकताच तेविसावे स्तोत्र ज्याच्या मनात उभे राहत नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस मला तरी भेटलेला नाही. मरणशय्येपाशी, दफनभूमीत, रुग्णालयात आपण ते म्हणतो. मेंढपाळ हिरव्या कुरणात नेतो. मेंढपाळ कोंडवाड्याच्या दाराशी खुर्ची टाकून हजेरी घेत बसला, असे त्या स्तोत्रात कोठे आहे? कुरणशाळेतील शिक्षिका गुरांबरोबर आणि मुलांबरोबर चालत गेली. ती स्तोत्र म्हणत होती की नाही हे मला महत्त्वाचे वाटत नाही. ती ते पाळत होती.

ह्यावर आपल्यातील काही जण शंका घेतील, आणि घ्याव्यात. सृष्टीचे इतके कौतुक केल्याने मुले निर्माणकर्त्याला विसरून निर्मितीला भजू लागतील काय? रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल हा धोका सांगतो खरा. परंतु त्याच अध्यायात, पाच वचने आधी, तो हेही सांगतो की देवाचे अदृश्य गुण निर्मिलेल्या वस्तूंवरून दिसून येतात. मला दुसराच धोका अधिक वाटतो. मूल विचारते, पान पिवळे का पडते? आणि आपण सांगतो, देवाने तसे केले म्हणून. मूल विचारते, सुगरणीने घरटे फांदीच्या टोकालाच का बांधले? देवाने तिला शिकवले म्हणून. उत्तर खोटे नाही. पण आपण ते प्रश्न मिटवण्यासाठी वापरतो, त्या मुलाने पुढे पाहू नये म्हणून वापरतो. देवाचे नाव असे पूर्णविरामासारखे वापरणे हेसुद्धा ते व्यर्थ घेणेच नव्हे काय? चांगली शिक्षिका म्हणेल, चल, पाहू या. देवाचे नाव तिच्या ओठांवर उशिरा येईल; पण येईल तेव्हा ते विस्मयाने येईल.

दुसरी शंका वचनपाठांतराची. मी पाठांतराच्या विरुद्ध नाही. माझ्या आईने पाठ करून घेतलेली वचने संकटात माझ्या उपयोगी पडली आहेत. परंतु अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशेने मुलांना शिकवण्याच्या ज्या वेळा सांगितल्या आहेत त्यांत घरी बसणे आहे तसे वाटेने चालणेही आहे. त्याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक चिमुकला नियम आहे : वाटेत झाडावर किंवा जमिनीवर पाखराचे घरटे दिसले आणि पक्षीण पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांसह आईला पकडू नये. देवाने इस्राएलास राज्यकारभाराचे नियम दिले, यज्ञयागाचे दिले, आणि मध्येच थांबून घरट्याविषयी हा नियम दिला. हा नियम कोणत्या वर्गखोलीत शिकवाल? तो घरट्यापाशीच शिकवावा लागतो, हात पुढे जाण्याच्या आत, हलक्या आवाजात.

येथे आदामाकडे सोपवलेले ‘राखण’ आठवावे. मूळ इब्री भाषेतील हे क्रियापद ‘शामर’. उपासनेच्या शेवटी पाळक हात उंचावून, परमेश्वर तुम्हांला राखो, असा अहरोनाचा आशीर्वाद देतात, तेव्हा तेथेही हाच धातू आहे. देव जसे आपल्याला राखतो तशी आपण ही बाग राखायची आहे. ज्या मुलाने मुंग्यांच्या रांगेवरून पाय उचलून पुढे टाकण्यास शिकले, त्याला आशीर्वादाचा अर्थ निम्मा कळला.

राहिली भीती. माती, चिखल, काटा, विंचू, साप. आईबापांची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. यशयाने ज्या राज्याचे दर्शन पाहिले त्यात तान्हे बाळ नागाच्या बिळापाशी खेळते. ते राज्य अजून पूर्णतेने आलेले नाही. तोपर्यंत शिक्षिकेने मुलांच्या आधी जाऊन जागा पाहावी, गवत काठीने झोडावे, दगडांखाली हात घालू देऊ नये, पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे आणि निघताना व परतताना मुले मोजावीत. मेंढपाळाची काठी आणि आकडी ह्यांचा स्तोत्रातील उल्लेख काही शोभेसाठी नाही. परंतु गुडघा खरचटण्याच्या भीतीने ज्या मुलाला आपण मातीपासून दूर ठेवतो, ते पुढे कशाकशाला भिईल ह्याचाही विचार करावा. ज्या मातीचे आपण घडलो तिलाच ते ‘घाण’ म्हणू लागते, हे मी कानांनी ऐकले आहे.

मंडळीच्या पंचांना एक विनंती आहे. नागपूर असो, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, आपल्या जुन्या मंदिरांना पूर्वजांनी प्रशस्त आवार ठेवले आणि त्यात कडुनिंब, चिंच, वड लावले. गेल्या काही वर्षांत त्या आवारांतून फरशी पसरत चालली आहे. गाड्या उभ्या करण्यास सोय होते, चपला चिखलाने भरत नाहीत, पानांचा कचरा होत नाही. हे सर्व मला मान्य आहे. तरी जखऱ्याच्या आठव्या अध्यायातील यरुशलेम एकदा वाचून पाहावे. परमेश्वर सियोनेत परत आल्याची खूण म्हणून तेथे सोन्याचा कळस सांगितलेला नाही. हातात काठी घेऊन बसलेले म्हातारेकोतारे आणि खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेलेले रस्ते सांगितले आहेत. आवाराचा एक कोपरा, निदान एका झाडाच्या सावलीएवढा, फरशीवाचून राहू द्यावा. तेथे मुलांना एकेक वाफा द्यावा. मेथी घाला, झेंडू घाला, काहीही घाला. बी रात्रंदिवस कसे वाढते हे पेरणाऱ्याला कळत नाही, असे प्रभूने मार्काच्या चौथ्या अध्यायात सांगितले. मुले ते रविवारी रविवारी येऊन पाहतील, आणि कदाचित मधल्या वारीही येतील.

माझ्या त्या जुन्या वर्गाचे काम आता एक तरुण भगिनी पाहते. चिंचेखाली सतरंजी टाकून ती मुलांना बसवते. खरे म्हणजे बसवत नाही, कारण मुले तेथे फारशी बसत नाहीत. तिचे दोन नियम आहेत : ओरबाडायचे नाही, आणि जे जेथून आणले ते तेथे परत ठेवायचे. मी ओसरीवरच्या बाकावरून हे पाहत असतो. ह्या वयात कोणी मला उठवत नाही.

गेल्या जूनमध्ये एक चार वर्षांची मुलगी ओंजळ धरून तिच्याकडे धावत आली. ओंजळीत मृगाचा किडा होता. मी बाकावर सरसावून बसलो. शिक्षिका गुडघे टेकून मुलीच्या उंचीला आली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “पाय किती आहेत गं ह्याला?” दोघींनी मोजले. आठ भरले. आठ पाय म्हणजे तो किड्यांच्या नव्हे, कोळ्यांच्या नात्यातला, हे मला साठी उलटून गेल्यावर त्या दिवशी कळले. “ह्याचं नाव काय?” मुलीने विचारले. “तू काय म्हणशील ह्याला?” मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “लाल उशी.”

शिक्षिकेने जवळची वही उघडली, तारीख घातली आणि पुढे ‘लाल उशी’ असे लिहिले. लोक त्याला मृगाचा किडा म्हणतात, हेही तिने मुलीला सांगितले, पण वहीतले नाव खोडले नाही. नंतर दोघी चिंचेच्या पलीकडे गेल्या, आणि मुलीने ओंजळ ओल्या मातीला टेकवून हळूच उघडली.